साहेबांशी बोलणं झालंय

माझी गाडी विकली जाणार आहे, हे मला माझ्या नणंदेकडून कळलं. फोनवर म्हणाली, "वहिनी, बरं केलंत हो. तसली गाडी या वयात कशाला? दादाने ठरवून टाकलं एकदाचं, छान झालं." मी तेव्हा गॅलरीत कपडे वाळत घालत होते. हातातला टॉवेल मी पिळायला लागले आणि पिळतच राहिले. त्यात पाण्याचा थेंब उरला नव्हता, पण दुसरं काही पिळायला जवळपास नव्हतं.

गाडी माझी आहे. कागदोपत्री माझी, पैसे माझे, किल्ली माझ्या पर्समध्ये. आणि विकायला काढली कुणी, तर बॉनेट पुढे असतं की मागे, हे ज्यांना विचार करून सांगावं लागतं त्या आमच्या ह्यांनी.

पण हे असं एकदम सांगून चालत नाही. बाई रागात बोलली की लोक मुद्दा ऐकत नाहीत, राग ऐकतात आणि पाणी आणून देतात. तेव्हा पाणी नको आणि मधे बोलू नका, क्रमाने सांगते.

गाडी टर्बो आहे. टर्बो म्हणजे काय, हे मला लग्नकार्यात, दवाखान्यात, लिफ्टमध्ये इतक्यांदा समजावून सांगावं लागलंय की आता पाठ झालंय. इंजिनातून जो गरम धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक लहानसा पंखा फिरतो आणि तो इंजिनात जादा हवा कोंबतो. म्हणजे जे एरवी वाया गेलं असतं, ते वापरून गाडीला जास्तीचा जोर द्यायचा. मी संसारात दुसरं काय केलं? पण मला कुणी टर्बो म्हटलं नाही.

ती का घेतली, हे मी कुणाला सांगणं लागत नाही. मला हवी होती. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर गेली. दिवसभर लोक येऊन माझ्यावर ओरडायचे आणि मी म्हणायची, "आपलं म्हणणं वर कळवते." एवढी वर्षं दुसऱ्यांचा राग ऐकून घेतल्यावर माणसाला स्वतःचं असं एखादं गुरगुरणारं काहीतरी हवंसं वाटतं. आमच्या ह्यांनी आयुष्यात स्टिअरिंगला हात लावलेला नाही. ते माझ्या शेजारी बसतात, दारावरचं हँडल धरतात आणि म्हणतात, "हळू." रस्ता रिकामा असला तर म्हणतात, "अगं हळू." आणि पुढे वळण दिसलं की काही म्हणत नाहीत, नुसताच आवाज करून श्वास घेतात. तो श्वास ऐकला की माझा पाय आपोआप वर येतो. परिणामी ती गाडी, जिच्या जाहिरातीत माणूस डोंगरावरून वाऱ्यासारखा उतरत होता, ती माझ्या हाताखाली बाजारात आणि बँकेत जायची, आणि सायकलवाले आम्हाला मागे टाकून वळून बघायचे की आत कुणाला बरं नाही का.

एक दिवस समोर एक पिवळा दिवा लागला आणि गाडीतला जोरच गेला. पाय दाबला की ती नुसती कण्हायची. नेली सर्व्हिस सेंटरला. तिथे आत बर्फासारखं गार, बसायला पांढरा सोफा, कोपऱ्यात कॉफीचं यंत्र आणि मोठ्या काचेपलीकडे गाड्या हात वर केल्यासारख्या उचलून ठेवलेल्या. एक टाय लावलेला मुलगा हसत पुढे आला. त्याला मी टायवालाच म्हणते, कारण त्याच्या अंगावर काम करण्याची तेवढीच एक खूण होती.

"साहेब नाही आले?" तो म्हणाला.

"कोण साहेब?"

"गाडीचे."

"गाडीची साहेब मीच आहे."

तो मनापासून हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं. मग त्याने संगणकात बघून सांगितलं की काळजी करू नका, साहेबांचा नंबर आहे आमच्याकडे. गाडी घेतली तेव्हा विकणाऱ्याने परस्परच ह्यांचा नंबर टाकून ठेवलेला होता. मी तेव्हा सह्या करत होते आणि हे पेढीवरच्या गणपतीसारखे नुसते शेजारी बसले होते. पण नंबर त्यांचा.

इथे आमच्या ह्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. स्वभावाने माणूस सोनं आहे. पण अनोळखी माणसाला नाही म्हणणं त्यांच्या तोंडात बसतच नाही. त्यामुळे आमच्याकडे न वाचली जाणारी मासिकं येतात, न पोहणाऱ्या दोन माणसांच्या नावे तरणतलावाचं सदस्यत्व आहे, आणि पाणी गाळायची यंत्रं आहेत, एकाचं गाळलेलं दुसऱ्यात ओतावं इतकी. त्यांना फोनवर कुणी नम्रपणे काहीही विचारलं तरी ते म्हणतात, "हो हो, करून टाका." घरात नाही म्हणायचं खातं माझ्याकडे आहे.

आता टायवाला ह्यांना फोन करायला लागला. प्लग बदलू का? हो हो, बदलून टाका. एक सेन्सर संशयास्पद वाटतोय. हो हो. हवेची नळी बदललेली बरी. हो हो. मी गाडी आणायला गेले की बिलावर एवढी मोठी जंत्री, आणि मी काही विचारायच्या आत तो हसून म्हणायचा, "साहेबांशी बोलणं झालंय." एकदा तर सीटांना सुगंध देऊन आणला होता. गाडीत बसलं की एखाद्या फुलवाल्याच्या टोपलीत कोंबल्यासारखं वाटायचं. आणि दुसऱ्या दिवशी बँकेच्या वळणावर पिवळा दिवा पुन्हा हजर.

मी म्हटलं, नंबर बदला. माझा घाला. टायवाल्याने अर्ज घेतला. अर्ज वर गेला. वर गेलेल्या अर्जाचं काय होतं हे मला कुणी शिकवायला नको, पण हा खरंच वर गेला आणि खाली आला तो फेटाळून. का? तर ग्राहकाचा नंबर बदलण्याआधी जुन्या नंबरावर फोन करून खात्री करायची असा त्यांचा नियम आहे. त्यांनी केला. म्हणाले, साहेब, आपल्याऐवजी मॅडमना फोन करायचा असा अर्ज आहे, पण आपला नंबर जुना आहे, तोच राहू द्यावा का? हे तेव्हा केस कापून घेत होते. म्हणाले, "हो हो, राहू द्या."

"अहो, पण अर्ज मी केला होता," मी त्यांना म्हटलं.

"अगं, तो इतकं अदबीने विचारत होता," हे म्हणाले. "आणि न्हाव्याचा वस्तरा माझ्या कानापाशी होता."

आमच्या इमारतीत एक गृहस्थ राहतात, ज्यांना सगळं येतं. मी त्यांना सर्वज्ञ म्हणते, तोंडावर नाही. सर्वज्ञांकडे स्वतःची गाडी नाही. कधी नव्हती. गाडी असली की माणसाचं मत एकांगी होतं, असं त्यांचं म्हणणं. ते खाली येऊन माझ्या गाडीभोवती फिरले, टायरला बुटाने हलकेच टोचलं आणि म्हणाले, "व्यायाम नाही हिला. रोज सकाळी सुरू करून जागच्या जागी उभी ठेवा. रक्ताभिसरण होतं."

मी लक्ष दिलं नाही, पण आमच्या ह्यांनी दिलं. शेवटी त्यांनाही त्या गाडीसाठी काहीतरी करायचं होतं, आणि बटण दाबून सुरू करणं जमण्यासारखं होतं. रोज सकाळी ते माझ्या पर्समधून किल्ली घेऊन खाली जायचे, गाडी सुरू करायचे आणि बाजूला उभे राहून कुंड्यांना पाणी घालायचे. परत येऊन समाधानाने सांगायचे, "झालं हिचं." मीही म्हटलं, असू दे, बापडे. पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या समितीची नोटीस आली की अमुक गाडीच्या धुरामुळे पहिल्या मजल्यावरील रहिवाशांना खोकला झाला आहे. तक्रारदार कोण, तर सर्वज्ञ. मी त्यांना जिन्यात गाठलं आणि म्हटलं, "सल्ला तुमचाच होता." ते म्हणाले, "सल्ला योग्यच होता. पण माझ्या खिडकीखाली करा असं मी कुठे म्हटलं?" अशा माणसाला काय बोलणार. मी मनातल्या मनात जे बोलले ते इथे छापता येणार नाही.

दिवा आता विझेनाच. गाडी पुन्हा सर्व्हिस सेंटरात गेली, आणि या वेळी तिथेच राहिली. रोज विचारलं की टायवाला म्हणायचा, तपासणी चालू आहे, वरिष्ठ बघतायत. ही माझीच वाक्यं. मी ती आयुष्यभर दुसऱ्यांना दिली होती आणि आता कुणीतरी ती मला वाढत होतं. मग आला नणंदेचा फोन. टॉवेल दोरीवर फेकून मी आत गेले. हे कोडं सोडवत बसले होते.

"अहो, माझी गाडी विकली?"

"विकली असं नाही," ते म्हणाले. पेन्सिल खाली ठेवली, म्हणजे प्रकरण गंभीर. "तो मुलगा म्हणाला, टर्बोच बदलावा लागेल, त्यापेक्षा गाडी आम्हीच घेतो आणि मॅडमसाठी एक शांत स्वभावाची गाडी देतो. गिऱ्हाईक आहे म्हणे हिला, आज दुपारी येतंय."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

ते खिडकीकडे बघायला लागले. काय म्हणाले असतील ते मला सांगायची गरज नव्हती.

"मी तुला सांगणारच होतो. बहिणीला सहज बोललो."

"मला सोडून?"

"तू रागावशील असं वाटलं."

मी रागावले नाही. रागावण्याच्या पलीकडे एक जागा असते, तिथे बाई साडी बदलते, पर्स घेते आणि एवढंच म्हणते, "चला." आम्ही रिक्षाने गेलो. रस्ताभर हे दर सिग्नलला माझ्याकडे बघत राहिले.

सर्व्हिस सेंटरच्या बाहेर माझी गाडी धुऊनपुसून उभी होती. इतकी स्वच्छ मी तिला कधी पाहिली नव्हती. पुढच्या काचेवर आतून एक पाटी: विक्रीसाठी. आपलं माणूस दवाखान्यात सोडावं आणि परत आल्यावर त्याच्या गळ्यात पाटी अडकवलेली दिसावी, तसं झालं मला.  दुसरी किल्ली माझ्या पर्समध्ये होतीच. मी दार उघडलं, आत बसले, पाटी काढून मागच्या सीटवर टाकली आणि दारं आतून लावून घेतली. तक्रार खिडकीवर एक गोष्ट शिकले होते. ओरडणारा माणूस ओरडून ओरडून दमतो आणि घरी जातो, त्याचं काम कधी होत नाही. काम होतं ते जो शांतपणे खुर्ची ओढून बसतो आणि डबा उघडतो त्याचं. माझ्याकडे डबा नव्हता. मी पर्समधून बडीशेप काढली आणि चघळत बसले.

टायवाला धावत आला. काचेवर टकटक केली, मी बघितलंच नाही. मग तो आत जाऊन त्याच्या वरच्या साहेबांना घेऊन आला. हे गृहस्थ एका काचेच्या खोलीत बसायचे, इतके दिवस मी त्यांना नुसतेच ओठ हलवताना पाहिलं होतं. ते आले आणि माझ्या गाडीच्या टपावरून पलीकडे उभ्या असलेल्या ह्यांच्याशी बोलायला लागले. मी गाडीत, माझ्या डोक्यावरून संभाषण. मी बोटभर काच खाली केली.

"हे बघा साहेब," काचेतले साहेब ह्यांना म्हणत होते, "वॉरंटीत हे बसत नाही. गैरवापर आहे हा."

"कसला गैरवापर?" मी काचेच्या फटीतून म्हटलं.

त्यांनी ह्यांना उत्तर दिलं. "साहेब, गाडीचा वेग संगणकात नोंदलेला असतो. ही गाडी घेतल्यापासून एकदाही पळालेली नाही. आणि वर तासन् तास जागेवर चालू ठेवलेली. धूर बाहेर जायच्या वाटेवर एक जाळी असते, ती काजळीने तुंबली. म्हणून इंजिन स्वतःच जोर कमी करतं. मॅडमच्या प्रकृतीला ही गाडी मानवणारी नव्हे."

म्हणजे बघा. आयुष्यभर मला सगळे सांगत आले की हळू. हळू बोल, हळू चाल, हळू हस. मी निमूटपणे हळू चालवली, आणि शेवटी माझ्यावर आरोप काय, तर हळू चालवल्याचा. वॉरंटी गेली, तीही हळूपणामुळे.

"मग तुम्ही प्लग कशाला बदललेत?" मी विचारलं. "सेन्सर? नळी? तो वास?"

"साहेबांशी बोलणं झालं होतं," टायवाला म्हणाला.

"आणि ती काजळी? ती काढता येत नाही?"

"येते की," काचेतले साहेब म्हणाले. "मोकळ्या रस्त्यावर खालच्या गिअरमध्ये चांगली जोरात पळवली, इंजिन नीट तापलं, की काजळी आपोआप जळून जाते. पण तशी पळवणार कोण?" आणि हे म्हणताना त्यांनी पुन्हा कुणाकडे बघितलं? ह्यांच्याकडे. ज्या माणसाला जिना उतरताना कठडा लागतो, त्याच्याकडे.

मी पलीकडचं दार उघडलं. "बसा," ह्यांना म्हटलं.

"कुठे जायचंय?"

"बसा म्हटलं ना."

ते बसले. मी बटण दाबलं. टायवाला हात पसरून पुढे उभा राहिला, म्हणाला, मॅडम, गिऱ्हाईक यायचंय. मी हॉर्नवर हात ठेवला आणि तो काढला नाही. टायवाला आधी बाजूला झाला, मग त्याने कान झाकले.

गावाबाहेरचा रस्ता रुंद आणि रिकामा होता. दोन्ही बाजूंना गोदामं, त्यांची बंद शटरं, मग तीही संपली. मी कायदा मोडलेला नाही, हे नोंदवून ठेवा. पाटीवर लिहिलेल्या वेगाच्या वर काटा गेला नाही. पण गिअर खालचा ठेवला आणि पाय खाली दाबला, आणि त्या इंजिनाने असा आवाज काढला की आमच्या ह्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरलं. सुरुवातीला ती कण्हत होती, दम लागल्यासारखी. मागून जळका वास यायला लागला.

"हळू," हे म्हणाले.

"आज हळू म्हणालात तर इथेच उतरवीन," मी म्हटलं. आणि मग बांध फुटला. मी म्हटलं, गाडीचं सोडा हो. माझं काय आहे जे तुम्हाला विचारल्याशिवाय झालं? घराच्या दारावर माझं नाव लावायचं तर सुताराने तुम्हाला विचारलं, कुठे लावू? माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. मी शुद्धीत होते, खाटेवर पडलेली, माझ्या डोक्यावरून डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं, काढू का? आणि तुम्ही काय म्हणालात?



"हो हो, काढून टाका, म्हणालात. पित्ताशय माझं होतं."

"अगं, ते काढायलाच हवं होतं."

"हो, पण मला विचारून."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. रागाचंच होतं. मी पाय उचलला नाही. आणि तेवढ्यात, काय झालं ते सांगता येत नाही, आत कुठेतरी अडकलेलं सुटल्यासारखं झालं, पाठ सीटला चिकटली, आणि गाडी जी निघाली ती निघालीच. मला घाईघाईने गिअर बदलावा लागला. समोरचा पिवळा दिवा लुकलुकला आणि विझला. मी ह्यांना दाखवलं नाही. मी अजून भांडत होते.

त्यांचा फोन वाजला. दोन्ही हात हँडलला, त्यामुळे त्यांनी तो हनुवटीने शर्टाच्या खिशातून मांडीवर ढकलायचा प्रयत्न केला, शेवटी एक हात सोडून घेतला, आणि घाईत तो स्पीकरवरच गेला. टायवाला.

"साहेब, गिऱ्हाईक आलंय. कागद तयार आहेत. बसलेत ते, कॉफी दिलीय त्यांना. मग करून टाकू ना फायनल?"

आवाज किती गोड. मी समोर रस्त्याकडे बघत राहिले. मला माहीत होतं आता काय येणार. ते दोन शब्द मी इतकी वर्षं ऐकले होते. त्यानंतर मी काय बोलणार, तेही माझं तयार होतं, आणि ते साधं नव्हतं.

"नाही," हे म्हणाले.

  

"साहेब?"

"गाडी माझी नाही हो," हे म्हणाले. डोळे मिटलेले, हँडल धरलेलं. "जिची आहे ती चालवतेय. ती थांबेल तेव्हा तिला फोन करा. तिच्या नंबरावर."

"पण साहेब, आपलं बोलणं झालं होतं..."

"माझ्याशी झालं होतं," ते म्हणाले. "तिच्याशी कुठे झालंय?" आणि त्यांनी फोन बंद करून माझ्या पर्समध्ये टाकला.

असला संताप आला मला. घरी पोचेपर्यंत पुरेल एवढं भांडण मी तयार केलं होतं, पित्ताशयाच्या आधीचं सगळं अजून बाकी होतं, नणंदेचं तर सुरूसुद्धा झालं नव्हतं, आणि या माणसाने ऐन रंगात ते माझ्या हातातून काढून घेतलं. असं कुणी करतं का? परत फिरायचं वळण आलं. माझा हात तिकडे गेलाच नाही. हे माझ्याकडे बघत होते, ते मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होतं.

"कुठे चाललोय आपण?" त्यांनी विचारलं.

"मला ठरवू द्या," मी म्हटलं.

वळण मागे पडलं. त्यांनी सीटबेल्ट ओढून बघितला, नीट लागलाय ना.